पडद्यावरचे शहर, नकाशावरचे शहर : चित्रीकरणस्थळ ओळखण्याची पद्धत आणि व्हाइटफील्डची कसोटी

व्हाइटफील्ड (बंगळुरू) : चित्रपटातील एखादे दृश्य नेमके कोठे चित्रित झाले, हा प्रश्न वरवर हौसेचा वाटतो. त्याचे उत्तर मात्र आठवणीवर किंवा ऐकीव माहितीवर सोडता येत नाही. ते पुराव्यांनी ठरवावे लागते. रस्त्याचे वळण, दुकानावरचा फलक, वाहनाची नंबरप्लेट, डोंगराची कडा आणि सावलीची दिशा अशा लहानसहान खुणा जुळल्यानंतरच पडद्यावरची जागा नकाशावर निश्चित करता येते. बंगळुरूच्या पूर्वेकडील व्हाइटफील्डसारख्या झपाट्याने बदललेल्या भागात या कामाला वेगळे महत्त्व येते. येथे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रस्ते, इमारती आणि झाडांच्या रांगा इतक्या बदलल्या की, एखाद्या चित्रपटात, मालिकेत किंवा जाहिरातीत सहज टिपलेली चौकट हीच त्या जागेच्या पूर्वरूपाची साक्ष ठरू शकते. ही साक्ष ग्राह्य धरायची, तर ती कोठली आणि केव्हाची, हे आधी सिद्ध व्हावे लागते. त्यासाठीची पद्धत आणि तिच्या मर्यादा यांचा हा आढावा.

कथेतील गाव एक, चित्रीकरणाचे गाव दुसरे

चित्रीकरणस्थळ शोधताना पहिली चूक होते ती कथेतील स्थळ आणि चित्रीकरणाचे स्थळ एकच मानण्याची. याचे सर्वपरिचित उदाहरण बंगळुरूपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या 'शोले'तील रामगढ उत्तरेकडील डाकूप्रदेशातील गाव वाटते. प्रत्यक्षात ते कर्नाटकातील रामनगरजवळ, रामदेवर बेट्टाच्या खडकाळ टेकड्यांच्या पायथ्याशी उभारले होते. कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी हा परिसर शोधला आणि तेथे गावाचा संपूर्ण सेट उभा केला. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेथे चित्रीकरणाला प्रारंभ झाला. त्याच चित्रपटातील रेल्वेवरील दरोड्याचा प्रसंग मात्र महाराष्ट्रात, मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर पनवेलच्या परिसरात चित्रित करण्यात आला. प्रेक्षकाला एकच प्रदेश दिसतो, नकाशावर मात्र दोन राज्ये आहेत.

डेव्हिड लीन यांचा १९८४ मधील 'अ पॅसेज टू इंडिया' याच भागातील दुसरे उदाहरण होय. ई. एम. फॉर्स्टर यांच्या कादंबरीतील मराबार लेण्यांमागे बिहारमधील बराबर लेण्यांची प्रेरणा असल्याचे मानले जाते. चित्रपटातील लेण्यांसाठी मात्र बंगळुरूच्या पश्चिमेकडील सावनदुर्ग आणि रामनगरच्या परिसरातील टेकड्यांची निवड झाली. कादंबरी वाचून बराबरच्या टेकड्यांत ते दृश्य शोधणाऱ्याला ते सापडणार नाही, कारण संदर्भ बिहारचा असला तरी खडक कर्नाटकातला आहे.

महाराष्ट्रातही असेच घडले आहे. आशुतोष गोवारीकर यांच्या 'स्वदेस' (२००४) मधील चरणपूर हे उत्तर प्रदेशातील गाव म्हणून दाखविले आहे. त्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यात वाईजवळील मेणवली येथे चित्रित झाला. कृष्णेच्या काठचा दगडी घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा ठाऊक असलेल्या मराठी प्रेक्षकाने ही जागा तत्काळ ओळखली. ज्याने मेणवली पाहिली नव्हती, त्याला ती गंगेच्या खोऱ्यातील वाटली. दूरदर्शनवरील 'मालगुडी डेज' या शंकर नाग दिग्दर्शित मालिकेची कथाही त्याच वळणाची. आर. के. नारायण यांचे मालगुडी हे काल्पनिक गाव होते. मालिकेने त्याला शिवमोग्गा जिल्ह्यातील आगुंबे येथे मूर्त रूप दिले. त्याच जिल्ह्यातील अरसाळू या लहान रेल्वेस्थानकाच्या जुन्या इमारतीत पुढे मालगुडीच्या नावाने संग्रहालयही उभे राहिले.

याच्या उलट, काही चित्रपटांत कथेतील जागा आणि खरी जागा एकच असते. पवन कुमार यांचा कन्नड चित्रपट 'यू टर्न' (२०१६) बंगळुरूतील डबल रोड उड्डाणपुलाभोवती फिरतो आणि तो पूल त्याच नावाने, त्याच शहरात दाखविला जातो. म्हणजे कथेत सांगितलेले ठिकाण कधी खरे असते, कधी नसते. तो पुरावा नव्हे, फक्त तपासून पाहण्याचा पहिला अंदाज होय.

व्हाइटफील्डच का?

व्हाइटफील्डची वसाहत चित्रपटांच्या आधीची आहे. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांनी १८८२ मध्ये 'युरेशियन अँड अँग्लो-इंडियन असोसिएशन ऑफ म्हैसूर अँड कूर्ग' या संस्थेला सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. संस्थेचे संस्थापक डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून वसाहतीला नाव मिळाले. मध्यभागी गोलाकार आखणीचा 'इनर सर्कल', भोवती कौलारू बंगले, बागा आणि मेमोरियल चर्च, बाहेर शेती आणि तलाव असे तिचे मूळ रूप होते.

१९९० च्या दशकात कर्नाटक शासन, टाटा समूह आणि सिंगापूरमधील भागीदार यांच्या सहकार्याने येथे इंटरनॅशनल टेक पार्क उभा राहिला. 'आयटीपीएल' या संक्षिप्त नावाने तो बसच्या पाट्यांवर आणि लोकांच्या बोलण्यात रुजला. त्यानंतर कार्यालयीन संकुले, मॉल, गृहसंकुले आणि रुग्णालये यांची रांग लागली. महाराष्ट्रातूनही अनेक अभियंते आणि त्यांची कुटुंबे नोकरीनिमित्त या पट्ट्यात स्थायिक झाली. २५ मार्च २०२३ रोजी कृष्णराजपुरा ते व्हाइटफील्ड (काडुगोडी) या मेट्रोमार्गाचे उद्घाटन झाले. ९ ऑक्टोबर २०२३ पासून बैय्यप्पनहळ्ळी-कृष्णराजपुरा हा जोडमार्ग सुरू झाल्याने हा पट्टा शहराच्या मध्यभागाशी अखंड जोडला गेला.

चित्रीकरणस्थळ ओळखण्याच्या दृष्टीने व्हाइटफील्ड अवघड का, याचे उत्तर या इतिहासातच आहे. काचेच्या दर्शनी भिंती, राखलेली हिरवळ, दगडी फरशीचे प्रांगण आणि एकसारखे प्रवेशद्वार ही कार्यालयीन संकुलांची सर्वसाधारण रचना आहे. ती व्हाइटफील्डमध्ये दिसते, तशीच पुण्यातील हिंजवडीत, हैदराबादच्या हायटेक सिटीत आणि गुरुग्राममध्येही दिसते. कथेत मुंबईतील किंवा परदेशातील कार्यालय दाखवायचे असेल, तर यांपैकी कोणतीही इमारत चालून जाते. केवळ काचेच्या भिंतीवरून जागा ठरविणे त्यामुळे धोक्याचे असते. दुसरीकडे, रुंदीकरण आणि मेट्रोमुळे मुख्य रस्त्यांचे रूपच पालटल्याने आजच्या रस्त्यावर उभे राहून जुनी चौकट जुळत नाही.

स्थिर खुणा आणि हलत्या खुणा

अभ्यासकाने दृश्य थांबवून त्यातील वस्तूंची दोन गटांत विभागणी करावी. पहिल्या गटात सहसा न हलणाऱ्या गोष्टी येतात : टेकड्यांची कडा, खडक, नदीचे वळण, तलावाचा बांध, रेल्वेमार्ग, चर्च किंवा मंदिराचा कळस, जुनी दगडी इमारत, रस्त्यांच्या छेदाचा कोन. दुसऱ्या गटात सहज बदलणाऱ्या किंवा बदलता येणाऱ्या गोष्टी येतात : फलक, वाहने, रंग, दिव्यांचे खांब, झाडे, दुकाने.

जागा ठरवायची ती पहिल्या गटावरून आणि काळ ठरवायचा तो दुसऱ्या गटावरून, हा सर्वसाधारण नियम मानता येईल. 'शोले'चे उदाहरण पुन्हा घ्यावे. गावाचा सेट आज अस्तित्वात नाही, पण टेकड्यांची कडा तीच आहे. चित्रपटातील आकाशरेषा आणि प्रत्यक्ष आकाशरेषा शेजारी ठेवली की सेट कोठे होता, हे खडकच सांगतात. व्हाइटफील्डमध्ये उंच टेकड्या नाहीत. तेथे इनर सर्कलची गोलाई, मेमोरियल चर्च, बंगळुरू-चेन्नई रेल्वेमार्ग आणि वर्तूरसारख्या तलावांचे काठ यांना स्थिर खुणांचे स्थान द्यावे लागते.

हलत्या खुणांमध्येही बरीच माहिती दडलेली असते. दुकानाच्या फलकावर पत्ता असेल, तर पिनकोड वाचता येतो. व्हाइटफील्डचा पिनकोड ५६००६६ आहे, तर ०८० हा बंगळुरूचा दूरध्वनी संकेतांक आहे. वाहनांवरील 'केए ५३' ही अक्षरे कृष्णराजपुरा परिवहन कार्यालयाची नोंदणी दर्शवितात. पुण्याच्या 'एमएच १२' किंवा मुंबईतील ताडदेवच्या 'एमएच ०१' इतकीच ही खूण बोलकी आहे. रेल्वेस्थानकाच्या पिवळ्या फलकावर कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत नाव लिहिलेले असते आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंचीही दिलेली असते. नाव धूसर असले तरी उंचीचा आकडा वाचता आला, तर शोध काही स्थानकांपुरता मर्यादित होतो. शहर बससेवेच्या मार्गक्रमांकाचाही असाच उपयोग होतो. मॅजेस्टिक ते काडुगोडी या ३३५-ई मार्गाची पाटी दिसली, तर ती बस पूर्व बंगळुरूच्या ठराविक रस्त्यांवरूनच गेली असणार.

या खुणांवर पूर्ण भिस्त मात्र ठेवू नये. कथेला आवश्यक असल्यास चित्रीकरण पथक नंबरप्लेट बदलते, खोट्या पाट्या लावते आणि दुकानांची नावे झाकते. एका रांगेतील दहा वाहनांपैकी पुढच्या दोन वाहनांवर दिल्लीच्या आणि मागच्या आठांवर कर्नाटकाच्या नंबरप्लेट असतील, तर खरी साक्ष मागच्या आठांची. पार्श्वभूमीतील, कॅमेऱ्याचे लक्ष नसलेल्या गोष्टी अधिक विश्वासार्ह असतात, कारण त्या बदलण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाही.

काळ सांगणारे पुरावे

जागा सापडली तरी काम अर्धेच झालेले असते. ती चौकट केव्हाची, हे ठाऊक नसेल तर तिचा नोंद म्हणून उपयोग होत नाही. त्यासाठी 'याच्या आधी नाही' आणि 'याच्या नंतर नाही' अशा दोन मर्यादा शोधाव्या लागतात.

व्हाइटफील्डच्या रस्त्यावर मेट्रोचा पूर्ण झालेला उन्नत मार्ग आणि प्रवाशांसह धावती गाडी दिसत असेल, तर चित्रीकरण २०२३ च्या आधीचे असणे संभवत नाही. शासकीय इंग्रजी फलकावर 'बँगलोर' ऐवजी 'बेंगळुरू' असेल, तर १ नोव्हेंबर २०१४ पासून अमलात आलेला नावबदल लक्षात घ्यावा. दुकानांच्या फलकांवर कन्नड मजकुराचे प्रमाण एकाएकी वाढलेले दिसत असेल, तर त्यामागे ६० टक्के कन्नडची सक्ती करणारी २०२४ मधील कायदेशीर दुरुस्ती असू शकते. विजेवरील वाहनांची हिरवी नंबरप्लेट २०१८ पासूनची, तर नव्या वाहनांसाठी उच्च सुरक्षा नंबरप्लेटची सक्ती १ एप्रिल २०१९ पासूनची आहे. 'केए', 'एमएच' अशी राज्यांची दोन अक्षरी संकेतचिन्हे जुलै १९८९ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या नंबरप्लेट वेगळ्या धाटणीच्या होत्या.

मुंबईच्या बाबतीत अशा मर्यादा अधिक सुस्पष्ट आहेत. रस्त्यावर ट्राम धावताना दिसली, तर ते दृश्य ३१ मार्च १९६४ पर्यंतचे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून वाहने जाताना दिसली, तर ते जून २००९ नंतरचे. काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. जुने वाहन मुद्दाम आणून उभे करता येते. उलट, न बांधलेला पूल चौकटीत उभा करणे कठीण असते. म्हणून बांधकामाचा पुरावा वाहनापेक्षा बळकट मानावा. अलीकडे संगणकीय दृश्यपरिणामांनी क्षितिजावरच्या इमारती वाढविता किंवा पुसता येतात. मोठ्या निर्मितीच्या नव्या चित्रपटांबाबत ही शक्यता गृहीत धरावी.

काळाची वरची मर्यादा ठरविण्याचे सर्वांत सोपे साधन प्रत्येक चित्रपटाच्या आरंभी दिसते. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाच्या प्रमाणपत्रावर तारीख असते आणि चित्रीकरण अर्थातच त्यापूर्वीचे असते. मात्र पुनर्प्रदर्शनाच्या प्रतीवर नंतरची तारीख असू शकते, म्हणून शक्य असल्यास पहिल्या प्रमाणपत्राचीच तारीख धरावी.

सावलीचा पुरावा आणि दक्षिणेतील सापळा

कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते, हे सावलीवरून काढता येते. सकाळी सावल्या पश्चिमेकडे आणि संध्याकाळी पूर्वेकडे पडतात. दुपारच्या सावलीबाबत 'ती उत्तरेकडे पडते' असा नियम अनेक इंग्रजी मार्गदर्शिकांत आढळतो. युरोपात तो वर्षभर खरा ठरतो. बंगळुरूत तसे नाही.

बंगळुरू सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २४ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या सुमारास सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो. हे तेथील शून्य सावली दिवस होत. या दोन तारखांमधील काळात मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. मुंबईत हा कालावधी तुलनेने लहान, म्हणजे साधारण १५ मे ते २८ जुलै असा असतो. शिवाय भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर आधारित असल्याने व्हाइटफील्डमध्ये सूर्य माथ्यावर येण्यास सरासरी घड्याळातील बारानंतर सुमारे २० मिनिटे लागतात. हे लक्षात न घेता उन्हाळ्यातील दृश्याची दिशा ठरविली, तर उत्तर-दक्षिण उलटण्याची शक्यता असते आणि रस्त्याच्या चुकीच्या बाजूला इमारत शोधली जाते.

दृश्यच उलटे छापलेले नाही ना, हेही पाहावे. फलकांवरील अक्षरे उलटी, वाहनचालक डावीकडे किंवा सदऱ्याची गुंड्यांची बाजू विरुद्ध दिसली, तर संकलनात चौकट उलटवली गेली असावी. लांब पल्ल्याची लेन्सही दिशाभूल करते. तिच्यामुळे दूरची इमारत जवळ आल्यासारखी भासते. अशा वेळी अंतरापेक्षा क्रमाकडे लक्ष द्यावे : कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या मागे आणि कोणत्या बाजूला आहे, हा क्रम लेन्स बदलली तरी बदलत नाही.

नकाशे, उपग्रहचित्रे आणि मधली पोकळी

खुणा गोळा झाल्यावर त्या नकाशावर ताडून पाहाव्या लागतात. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे 'भुवन' हे संकेतस्थळ २००९ पासून उपलब्ध आहे. गुगल अर्थवरील जुन्या उपग्रहचित्रांतून एखादी इमारत कोणत्या वर्षांच्या दरम्यान उभी राहिली, हे पाहता येते. वरून दिसणारी छपरांची ठेवण, रस्त्यांचे कोन आणि मोकळ्या जागा चौकटीतील मांडणीशी जुळवाव्यात.

रस्त्याच्या पातळीवरील छायाचित्रांची स्थिती मात्र वेगळी आहे. गुगलने 'स्ट्रीट व्ह्यू'चे काम २०११ मध्ये बंगळुरूतच सुरू केले होते. पोलिसांच्या आक्षेपानंतर ते काही आठवड्यांत थांबले. ही सेवा भारतात प्रत्यक्ष उपलब्ध झाली ती जुलै २०२२ मध्ये. पहिल्या दहा शहरांत बंगळुरूबरोबर मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर यांचा समावेश होता. व्हाइटफील्डचा कायापालट झाला तो प्रामुख्याने या पूर्वीच्या दोन दशकांत. म्हणजे ज्या काळात रस्ता सर्वाधिक बदलला, त्याच काळातील रस्त्याच्या पातळीची सलग नोंद या साधनात मिळत नाही. ही पोकळी भरून काढू शकतात ते घरगुती छायाचित्रे, वृत्तछायाचित्रे आणि चित्रपट-मालिकांमधील बाह्यचित्रण.

त्याचे एक उदाहरण पर्यावरणाचे. वर्तूर तलावावरील विषारी फेस रस्त्यावर आल्याच्या घटना २०१५ मध्ये देशभर गाजल्या. शेजारच्या बेळ्ळंदूर तलावाला आग लागण्याच्या घटना पुढे राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचल्या. अशा तलावांचे, त्यांच्या काठांचे आणि झाडांचे आधीचे रूप एखाद्या दृश्याच्या पार्श्वभूमीत आले असेल आणि त्याचे स्थळ व वर्ष निश्चित करता आले, तर ती चौकट तेथील पाणी कोठवर होते, याची नोंद ठरते. केवळ अंदाजाने 'हा वर्तूरचा तलाव' असे म्हटल्यास मात्र तिला काहीच किंमत उरत नाही.

आख्यायिका आणि नोंदवही

स्थानिकांचे सांगणे हा शोधाचा मोठा आधार असतो. चित्रीकरण पाहिलेले दुकानदार, रिक्षाचालक, वसाहतीतील ज्येष्ठ रहिवासी आणि पथकात काम केलेले तंत्रज्ञ अनेकदा अचूक जागा दाखवितात. तथापि, आठवण आणि आख्यायिका यांतील सीमा पुसट असते. व्हाइटफील्डच्याच इतिहासात याचा धडा आहे.

तरुण लष्करी अधिकारी विन्स्टन चर्चिल १८९६ मध्ये आपल्या हुसार पलटणीबरोबर बंगळुरूत आले. ते व्हाइटफील्डमधील वेव्हर्ली इन येथे जात असत आणि तेथील मालकाच्या कन्येवर त्यांचा जीव जडला होता, अशी कथा येथे आवडीने सांगितली जाते. तिला समकालीन कागदपत्रांचा भक्कम आधार नाही. याउलट, शहरातील बंगळूर क्लबच्या १८९९ मधील नोंदवहीत चर्चिल यांच्या नावावर १३ रुपयांची थकबाकी नोंदलेली आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाविषयी आणि एकाच शहराविषयी आहेत. परंतु पहिली सांगोवांगीची आहे आणि दुसरी कागदावरची. चित्रीकरणस्थळांबाबतही हाच विवेक लागतो. 'अमुक चित्रपटाचे चित्रीकरण आमच्या बंगल्यात झाले' हे विधान शोधाची सुरुवात म्हणून मोलाचे आहे, निष्कर्ष म्हणून नव्हे.

कधी खुद्द चित्रपटच कागदाचे काम करतो. जुलै १९८२ मध्ये 'कुली'च्या चित्रीकरणात बंगळुरू विद्यापीठाच्या परिसरात अमिताभ बच्चन गंभीर जखमी झाले. चित्रपटात तो क्षण गोठवून त्यावर तशी सूचना दाखविण्यात आली आहे. त्या काळच्या वृत्तपत्रांतील बातम्या आणि पडद्यावरची ती गोठलेली चौकट एकत्र ठेवली की स्थळ आणि काळ दोन्ही ठरतात. पुण्यात फेब्रुवारी १९६४ मध्ये स्थापन झालेले आणि २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय अशा शोधासाठी उपयुक्त आहे. तेथे चित्रपटांबरोबर छायाचित्रे, पुस्तिका, भित्तिपत्रके आणि पटकथाही जतन केल्या जातात.

निष्कर्षाच्या तीन पायऱ्या

स्थळाविषयीचा निष्कर्ष पायरीपायरीने मांडणे इष्ट असते. एकच खूण जुळत असेल, तर 'शक्य' म्हणावे. परस्परांशी संबंध नसलेल्या किमान दोन खुणा जुळत असतील आणि विरोधी पुरावा नसेल, तर 'संभाव्य' म्हणावे. प्रत्यक्ष जागेवर त्याच कोनातून घेतलेल्या छायाचित्रात जवळच्या व दूरच्या वस्तूंचा क्रम जुळत असेल किंवा समकालीन कागदोपत्री नोंद मिळत असेल, तरच 'निश्चित' म्हणावे.

न जुळणाऱ्या गोष्टी लपवू नयेत. चौकटीत चार मजली इमारत असेल आणि जागेवर तीन मजली असेल, तर वरचा मजला पाडला गेला की जागाच चुकली, याचे स्पष्टीकरण द्यावे लागते. एकाच प्रसंगात घराचे दार एका ठिकाणचे, अंगण दुसऱ्या ठिकाणचे आणि खोली स्टुडिओतील असू शकते, म्हणून प्रत्येक चित्रतुकड्याची नोंद स्वतंत्र करावी. नोंदीत चित्रपटाचे नाव व वर्ष, दृश्याची वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, कॅमेऱ्याची दिशा, जुळलेल्या व न जुळलेल्या खुणा आणि निश्चितीची पायरी असावी. गावाचे नाव एकटे पुरेसे नसते. ज्या रामनगरमध्ये 'शोले' चित्रित झाला, तो परिसर तेव्हा बंगळुरू जिल्ह्यात होता. २००७ मध्ये रामनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि २०२५ मध्ये त्याला बंगळुरू दक्षिण असे नाव मिळाले. अक्षांश-रेखांश मात्र अशा बदलांनी ढळत नाहीत.

प्रत्यक्ष भेटीतील मर्यादा

जागेवर जाऊन पडताळणी करताना कायद्याचे आणि सभ्यतेचे भान आवश्यक आहे. व्हाइटफील्डमधील कार्यालयीन संकुले खासगी मालमत्ता असून तेथे विनापरवानगी छायाचित्रण करता येत नाही. ड्रोन उडविण्यापूर्वी २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हवाई क्षेत्राचा नकाशा पाहावा. पूर्व बंगळुरूत एचएएल विमानतळ जवळ असल्याने हे विशेष महत्त्वाचे आहे. चित्रपटात दिसलेले घर आजही कोणाचे तरी राहते घर असते. त्याचा नेमका पत्ता आणि राहणाऱ्यांची ओळख जाहीर करण्याआधी त्यांची संमती घ्यावी.

निसर्गाचाही विचार करावा लागतो. 'शोले'च्या खडकांमुळे पर्यटक ज्या रामदेवर बेट्टाकडे वळतात, तो परिसर २०१२ मध्ये लांब चोचीच्या गिधाडांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला. पडद्यावर डाकूंचा अड्डा असलेल्या कड्यांवर ही गिधाडे घरटी करतात. तेथे नेमून दिलेल्या वाटेवरून आणि वन विभागाच्या नियमांनुसारच जावे.

चित्रीकरणस्थळांच्या याद्या आज भरपूर आहेत, परंतु त्यांतील बहुतेक याद्या एकमेकींवरून उतरविलेल्या असतात आणि पहिल्याची चूक शेवटच्यापर्यंत जाते. मेणवलीचा घाट किंवा रामनगरचा खडक अशी चूक सहन करू शकतो, कारण तो उद्याही जागेवर असेल आणि कोणीही जाऊन खात्री करू शकेल. व्हाइटफील्डमधील पाडलेला बंगला, तोडलेली झाडे किंवा मेट्रोच्या खांबांखाली गेलेला दुभाजक यांची खात्री करण्यासाठी मागे काहीच उरत नाही. अशा जागांविषयीचे पुरावे, त्या पाहिलेली माणसे हयात आहेत आणि जुनी छायाचित्रे घरोघरी शिल्लक आहेत, तोवरच गोळा करून नोंदविता येतील.